मुलगा इंजिनियर आहे म्हणे

गेल्या महिन्यात नळदुर्गला एका घरी रिश्त्याची बोलणी होती आणि मुलीकडच्या बाजूने आम्हांला बोलावणे होते. अशा बैठकीत आमचे काम ठरलेले असते. चहा घ्यायचा, दोन्हीकडच्यांना 'माशाअल्लाह' म्हणायचे आणि बोलणे अडखळले की पावसाचा विषय काढायचा. मुलगी बी. ई. सिव्हिल. मुलाच्या बायोडाटात शिक्षण आणि व्यवसाय या दोन्ही ओळींत मिळून एकच शब्द होता, 'इंजिनियर'. मध्यस्थ खालांनी तो फोनवर इतक्या वेळा उच्चारला होता की मुलाचे नाव घरात कुणाच्या ध्यानात राहिले नव्हते. सगळे त्याला 'उमरग्याचे इंजिनियर' म्हणत होते.

मंडळी आली, बसली, नाश्ता झाला. मुलीच्या अब्बांनी विचारले, "कंपनी पुण्यात की हैदराबादला?" मुलाच्या अम्मींनी खालांकडे पाहिले आणि खालांनी बशीतल्या शंकरपाळ्यांकडे. मुलगा मात्र सरळ म्हणाला, "कंपनी नाही चाचा. हायवेला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. आय.टी.आय. इलेक्ट्रिशियन झालोय. मी इंजिनियर नाही. कागदावर ते कुणी लिहिलं, मला ठाऊक नाही."

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा राहिला. मग खालाच उसळल्या. "इंजिनियर नाही कसा? जळालेली बोअरची मोटार उघडतो आणि पुन्हा पाणी काढून देतो. ते काय हकीम करतो?"

आम्ही पावसाचा विषय काढला. त्याने काम भागले, पण थोडाच वेळ. मंडळी गेल्यावर मुलीच्या अम्मींनी आम्हांला उंबऱ्यावर अडवले. "तुम्ही एवढं लिहिता. मग सांगा ना, इंजिनियर बोले तो आखिर कौन?"

परतीच्या गाडीत तोच प्रश्न शेजारच्या सीटवर बसून होता. या महिन्याचे पान म्हणून त्याच्यासाठीच.

शब्दाचे मूळ शोधायला गेलो तर तो कॉलेजातून निघालेला नाही, लढाईतून निघालेला आहे. लॅटिनमध्ये 'इंजेनियम' म्हणजे उपजत बुद्धी, डोक्यात सुचलेली युक्ती. पुढे युक्तीने केलेल्या यंत्रालाही तेच नाव लागले, आणि त्या काळात यंत्र म्हणजे मुख्यतः किल्ल्याची भिंत फोडण्याचे साधन. धोंडे फेकणारे लाकडी सांगाडे उभारणारा, तटाखाली सुरुंग खणणारा, तो इंजिनियर. युरोपात शेकडो वर्षे हाच अर्थ चालला. अठराव्या शतकात इंग्लंडात पूल, कालवे, दीपस्तंभ बांधणाऱ्या जॉन स्मीटनला आपण लष्करातले नाही हे वेगळे सांगावे लागले, म्हणून तो स्वतःला 'सिव्हिल' इंजिनियर म्हणवू लागला. १७७१ साली लंडनला अशा मंडळींनी आपली सोसायटी काढली. म्हणजे आमच्या या मुलीच्या पदवीतले 'सिव्हिल' सिमेंटशी संबंधित नाही. त्याचा मूळ अर्थ 'फौजेतला नव्हे' एवढाच.

या जुन्या अर्थाचा इंजिनियर बघायचा तर आपल्या जिल्ह्यातच परांड्याच्या किल्ल्यात जावे. आज विजापूरच्या बुरुजावर बसलेली 'मलिक-ए-मैदान' ही सिंहाच्या तोंडाची तोफ कित्येक वर्षे परांड्यात होती. ती १५४९ साली अहमदनगरला निजामशाहीत ओतली गेली, आणि ओतणारा उस्ताद होता रूमी, म्हणजे तुर्कस्तानाकडून आलेला. सुमारे ५५ टनांचा हा मिश्रधातूचा गोळा एकसंध ओतायचा, आत पोकळी सरळ ठेवायची आणि बार उडाल्यावर ती फुटता कामा नये! १६३२ साली ती परांड्याहून विजापूरला नेली, तेव्हा हत्ती आणि बैलांच्या रांगा जुंपाव्या लागल्या. त्या उस्तादाला कुणी पदवी दिली होती का, असे कुणी विचारत नाही. तोफ फुटली नाही, हेच त्याचे सर्टिफिकेट.

आता आपल्या घरच्या शब्दांकडे येऊ. अरबीत इंजिनियरला 'मुहंदिस' म्हणतात. आखातात नोकरीला गेलेल्या भावाला विचारा, साइटवर दिवसातून पन्नास वेळा हाच शब्द त्याच्या कानावर पडतो. 'मुहंदिस' आला 'हंदसा' या शब्दापासून, म्हणजे भूमिती, मोजमापाचे शास्त्र. आणि 'हंदसा' हा मुळात अरबी नाहीच. तो फारसीतल्या 'अंदाज़ा' या शब्दाचा अरबी अवतार आहे, हे हजार वर्षांपूर्वीच्या कोशकारांनीच लिहून ठेवले आहे. अंदाज़ा म्हणजे माप.

तोच अंदाज़ा फारसीतून थेट मराठीत आला आणि आपण त्याला 'अंदाज' म्हणू लागलो. (गोलंदाज, तिरंदाज यांतल्या 'अंदाज'चा अर्थ फेकणारा, त्याची यात गल्लत नको.) मराठीत येता येता शब्द थोडा ढिला झाला. आपल्याकडे अंदाज म्हणजे अदमास, अटकळ, 'बघू, होईल बहुतेक'. पण सरकारी कचेरीत गेलात तर तिथे त्याने जुना कणा टिकवून धरलेला दिसेल. पूल असो की शाळेची खोली, काम मंजूर होण्यापूर्वी इंजिनियर जो कागद तयार करतो, ज्यात खडी किती, वाळू किती, लोखंड किती आणि पैसा किती ते पै-पैशाने मांडलेले असते, त्याचे नाव 'अंदाजपत्रक'. म्हणजे अरबस्तानातला मुहंदिस आणि धाराशिवच्या बांधकाम खात्यातले अंदाजपत्रक हे एकाच आजोबांचे नातू. उर्दू शाळेत ज्याला आपण 'हिंदसा' म्हणून शिकलो, म्हणजे आकडा, तोही याच घरातला. आम्हांला लहानपणी वाटे की तो 'हिंद'वरून आला असावा, कारण आकडे हिंदुस्थानातून गेले हे वाचले होते. सुंदर कल्पना होती, पण चुकीची.

अरबीत यंत्रशास्त्राला आणखी एक नाव होते, 'इल्म-उल-हियल'. 'हियल' हे 'हीला' या शब्दाचे अनेकवचन. हीला म्हणजे युक्ती, आणि बोलीत सबब. घरात पोरांना आपण म्हणतोच, 'हीले-बहाने मत करो'. नवव्या शतकात बगदादला मूसाच्या तीन मुलांनी, बनू मूसा बंधूंनी, अशा युक्तीच्या यंत्रांचे पुस्तक लिहिले, आपोआप भरणारी भांडी आणि रूप बदलणारी कारंजी त्यात आहेत. १२०६ साली दियारबक्रच्या दरबारात अल-जज़रीने दुसरे लिहिले. त्यात पाणघड्याळे आहेत, पाणी उपसण्याची यंत्रे आहेत, दांडा आणि भुजा यांची जोडणी आहे. करून न पाहिलेल्या विद्येवर त्याचा भरवसा नव्हता, हे तो प्रस्तावनेतच सांगतो. म्हणूनच त्याच्या पुस्तकात कुठला तुकडा कसा कापायचा, भोक किती मोठे पाडायचे, साचा कसा करायचा, हे मिस्त्रीने मिस्त्रीला सांगावे तसे लिहिलेले आहे. युरोपने युक्तीवरून 'इंजिनियर' केला, अरबांनी युक्तीवरून 'हियल' केले, आणि आपण मराठीत हिकमती माणूस म्हणतो त्यातली 'हिकमत'ही अरबीच. तीन ठिकाणच्या लोकांना हे काम पाहून एकच गोष्ट सुचली.

आमच्या मनात मात्र हे सगळे वाचताना सूरह सबामधले हज़रत दाऊद अलैहिस्सलाम येत होते. त्यांच्यासाठी अल्लाहने लोखंड मऊ केले आणि चिलखत करताना कड्या नीट मापात बसवायला सांगितले. तिथेही माप आहेच. आणि ते स्वतःच्या हाताच्या कमाईवर जगत, हे हदीसमध्ये येते. एका पैगंबराचे हात लोखंडाने काळे झालेले आहेत, हे आपल्या रिश्त्यांच्या बैठकांत का कोण जाणे कुणाला आठवत नाही.

बैठक ज्या गावी झाली त्याच गावात मुहंदिसाची खरी कमाई उभी आहे. नळदुर्गच्या किल्ल्याला बोरी नदीचा वळसा आहे. मुख्य किल्ला आणि रणमंडळ यांच्यामध्ये त्या नदीवर दगडी धरण आहे आणि त्या धरणाच्या पोटात महाल आहे. तोच पाणीमहाल. इब्राहीम आदिलशाह दुसरा याच्या काळात, सुमारे १६१३ साली, मीर इमादीन नावाच्या माणसाने तो बांधला. पावसाळ्यात तलाव भरला की 'नर' आणि 'मादी' अशा दोन सांडव्यांवरून पाणी कोसळते, महालाच्या खिडकीत उभे राहावे तर डोळ्यांसमोर पाण्याचा पडदा, आणि आत कपडे कोरडे.

हजारो लोक दर पावसाळ्यात तिथे फोटो काढतात. आम्हीही काढले आहेत. पण थोडे थांबून विचार करा. असे धरण उभे राहते ते आपल्या वजनावर. पाणी ढकलते आणि भिंत आपल्या भाराने जागची हलत नाही. त्या भिंतीत खोल्या काढायच्या म्हणजे तेवढे वजन कमी करायचे. किती दगड काढला तरी भिंत तग धरील, पूर आला तर पाणी कुठून जाऊ द्यायचे, ते आत शिरू नये म्हणून खिडकीची पातळी कुठे ठेवायची, हे सगळे त्या माणसाने आधी कागदावर किंवा डोक्यात मांडले असणार. कॉम्प्युटर नव्हता, सिमेंट नव्हते, चुना होता. चारशे पावसाळे गेले. आणि गावात कुणालाही विचारा, महाल कुणी बांधला? उत्तर येईल, बादशहाने. मीर इमादीनचे नाव विचारणाराच क्वचित भेटतो. बांधणाऱ्यांची नावे अशीच मागे पडतात. औरंगाबादला मलिक अंबरच्या नहरीचे पाणी पिढ्यान्पिढ्या लोकांनी प्यायले, तिथे मलिक अंबरचे नाव राहिले, पण जमिनीखालून उतार धरून नळ नेणाऱ्यांची नावे कुठे आहेत?

याच नळदुर्गात पुढे एक वेगळाच गृहस्थ येऊन गेला. १८५३ साली निजामाने काही मुलूख इंग्रजांच्या ताब्यात दिला, त्यात नळदुर्ग होते. तिथला कारभार पाहायला मेडोज टेलर आला. तुळजापूरची पार्श्वभूमी असलेली 'तारा' ही कादंबरी पुढे त्यानेच लिहिली. हा माणूस कुठल्याही इंजिनियरिंग कॉलेजात गेला नव्हता. मोजणी, रस्ते, तलाव सगळे काम करता करता शिकला. १८६० साली नळदुर्ग परत निजामाकडे आले. म्हणजे साहेबांच्या राज्यातही साहेब स्वतः बिनपदवीचे इंजिनियर होते. पदवीची अट नंतरची.

ती अट कशी आली, तेही मौजेचे आहे. १८५४ साली पुण्यात जो इंजिनियरिंगचा वर्ग सुरू झाला, त्याचा हेतू सरकारी बांधकाम खात्याला हाताखालची माणसे मिळावीत हा होता. आपल्याकडे निजामाचे राज्य. हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघाले, १९२९ साली त्याचे इंजिनियरिंग कॉलेज सुरू झाले, आणि विद्यापीठाचे माध्यम होते उर्दू. आजच्या पोरांना हे सांगितले तर खरे वाटत नाही. इंग्रजीशिवाय इंजिनियर होताच येत नाही, अशी आपण त्यांची समजूत करून दिली आहे.

त्या काळचे मोठे नाव म्हणजे नवाब अली नवाज जंग बहादूर. जन्म ११ जुलै १८७७, शिक्षण इंग्लंडातल्या कूपर्स हिलच्या इंजिनियरिंग कॉलेजात, आणि पुढे निजाम सरकारचे चीफ इंजिनियर. १९०८ साली मुसी नदीच्या पुराने हैदराबादेत हाहाकार झाला. त्यानंतर विश्वेश्वरय्यांना बोलावले गेले आणि उस्मानसागर, हिमायतसागर हे तलाव पुराला आवर घालायला व शहराला पाणी पाजायला उभे राहिले. मांजरा नदीवरचा निजामसागर १९३१ साली पुरा झाला, त्याचे श्रेय अली नवाज जंगांना. आता ही मांजरा म्हणजे आपलीच. बीडच्या डोंगरात उगवते, कळंबच्या कडेने वाहते, तेरणेलाही पोटात घेते आणि खाली तेलंगणात जाते. आपल्या शेतातून वाहून गेलेले पाणी खाली ज्याने अडवले, त्या माणसाच्या जन्मदिवशी तेलंगणात आज इंजिनियर दिन पाळला जातो. आपल्याकडे तो १५ सप्टेंबरला, विश्वेश्वरय्यांच्या जन्मदिवशी. दोघेही मोठे होते. आमचे म्हणणे इतकेच की उर्दू शाळेच्या भिंतीवर एका तसबिरीची जागा रिकामी आहे, तिथे अली नवाज जंगांची लावावी.

१९६० नंतर राज्याचा कारभार मराठीत करायचे ठरले आणि साहेबांच्या दारावरची पाटी बदलली. इंजिनियरचे झाले 'अभियंता'. संस्कृतात 'यंता' म्हणजे लगाम धरणारा, सारथी. गंमत अशी की अमेरिकेत आजही रेल्वे चालवणाऱ्या ड्रायव्हरला इंजिनियरच म्हणतात, तेव्हा आपले भाषांतर नकळत तिथे जाऊन पोचले. पण 'अभियंता' खुर्चीतच राहिला. कनिष्ठ अभियंता, शाखा अभियंता, कार्यकारी अभियंता. मोहल्ल्यात कुणी कुणाला 'अभियंता भाई' म्हणाल्याचे ऐकिवात नाही. लोकांच्या तोंडी 'इंजिनियर साहेब'च, आणि लग्नपत्रिकेत नावाआधी 'इंजि.'. मुंबईकडे पारशी आणि बोहरा कुटुंबांत तर ते आडनावच झाले. असगर अली इंजिनियर हे नाव आपल्या वाचकांना परिचयाचे आहे. त्यांची पदवीही सिव्हिल इंजिनियरिंगची आणि मुंबई महापालिकेतली नोकरीही तीच, म्हणजे आडनाव आणि काम एका माणसात भेटले. असे फार थोड्यांचे होते.

१९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित इंजिनियरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली. मग जिल्ह्याजिल्ह्यांत कॉलेजे निघाली. तोवर लातूर-धाराशिवकडच्या मुलाला इंजिनियर व्हायचे तर औरंगाबाद, पुणे नाहीतर हैदराबाद गाठावे लागे. कॉलेजे दाराशी आली हे चांगलेच झाले, आणि नळदुर्गच्या या मुलीसारख्या मुलींना घरून ये-जा करून शिकता आले हे तर फारच चांगले झाले. पण त्याबरोबर हा शब्द बाजारात आला. रिश्त्याच्या बाजारात तर त्याचा भाव रोज निघू लागला.

जर्मनीत किंवा कॅनडात कायद्याने ठरवलेली पात्रता नसताना स्वतःला इंजिनियर म्हणवणे हा गुन्हा ठरू शकतो. आपल्याकडे 'आर्किटेक्ट' या शब्दाला १९७२ च्या कायद्याचे कुंपण आहे, 'इंजिनियर'ला तसे नाही. म्हणून तर खालांना तो इतका सहज वापरता आला. कॅनडातली आणखी एक रीत आम्हांला फार आवडते. तिथे १९०७ साली क्वेबेकचा पूल बांधता बांधता कोसळला आणि ७५ कामगार गेले. हिशेबात भार कमी धरला गेला होता. पुढे १९२५ पासून तिथले नवे इंजिनियर एक समारंभ करून काम करायच्या हाताच्या करंगळीत साधी कडी घालू लागले. कागदावर रेघ ओढताना ती कडी टेबलाला घासते आणि आठवण राहते.

आपल्या जिल्ह्याला अशा आठवणीसाठी कडीची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट ज्यांनी पाहिली, त्यांना ती पुरे आहे. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेले, लोक उशिरा झोपलेले. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे ढिगारा झाली. सुमारे आठ हजार माणसे गेली. भूकंप फार मोठा नव्हता. घरांनी मारले. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या मातीतल्या दगडी भिंती, आत आणि बाहेर असे दोन वेगळे थर, मध्ये भर. दोन्ही थरांना बांधणारे आरपार लांब दगड नाहीत. वर माळवदावर दरवर्षी टाकून टाकून वाढलेली माती. हादरा बसला आणि भिंतीचे दोन थर एकमेकांना सोडून फाकले. जिथे माळवद लाकडी खांबांवर आणि तुळयांवर तोललेले होते, तिथे कित्येकदा भिंती बाहेर पडल्या पण छत टिकले, आणि त्याखालची माणसे वाचली.

तेव्हा मुंबई-दिल्लीहून, परदेशातूनही इंजिनियर आले. त्यांनी जे सांगितले ते अगदी साधे होते. भिंतीत ठराविक अंतरावर आरपार दगड घाला, दरवाजा-खिडक्यांच्या वरून सगळ्या घराला सलग पट्टा फिरवा, माळवदाची माती उतरवा. त्या दिवसांत आम्ही त्या भागात गेलो होतो. एका म्हाताऱ्या गवंडीचाचांना हे सगळे समजावून झाल्यावर ते म्हणाले, "आमच्या अब्बाच्या वेळेला लांब दगड घालायचेच. पुढं दगड फोडायला मजुरी परवडेना, मग आम्ही सोडला." सांगून ते ढिगाऱ्याकडे पाहत बसले. आम्ही काही बोललो नाही. त्यांच्या घरातली दोन माणसे त्या पहाटे गेली होती.

या गवंड्यांच्या पिशवीत काय असते, पाहा. काटकोन तपासायचा 'गुण्या'. हा ग्रीकांचा कोनवाचक शब्द, फारसीतून आपल्यापर्यंत आलेला. 'ओळंबा' आणि 'पाणसळ' मराठी. भिंतीला 'गिलावा' करतो तो फारसी, 'महिरप' म्हणजे आपल्या मशिदीतली मेहराबच, 'हौद' अरबी. आणि खुद्द 'मिस्त्री' पोर्तुगीज, त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ उस्ताद. एवढ्या मुलखांतली विद्या त्या थैलीत, आणि आपण त्याला हाक मारतो, 'ए मिस्त्री'. अरबीत 'कसब' म्हणजे कमाई. मराठीने त्याचा अर्थ कौशल्य असा केला. आम्हांला मराठीने केलेला हा बदल फार मानवतो.

तर नळदुर्गच्या त्या प्रश्नाकडे येतो. चार दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो. मुलीच्या अब्बांचा राग उतरला नव्हता, आणि त्यांचे बरोबरच होते. "कामाला मी नाव ठेवत नाही," ते म्हणाले, "माझा बापही बैलगाडीची चाकं करायचा. पण निकाहाच्या पहिल्याच कागदावर खोटं?" आम्ही म्हटले, खोटे मुलाने लिहिले नाही, उलट तेच त्याने खोडून काढले, तेही भर बैठकीत. त्यावर ते काही बोलले नाहीत.

तेवढ्यात मुलगी चहा घेऊन आली आणि तिथेच उभी राहिली. "चाचा, एक विचारू? माझ्या बायोडाटात काय लिहिलंय?" आम्ही म्हणालो, सिव्हिल इंजिनियर. "डिग्री मिळून तीन वर्षं झाली. अब्बा साइटवर जाऊ देत नाहीत. मी सेवा केंद्रात फॉर्म भरते. एकाही खोलीचा पाया माझ्या डोळ्यांदेखत खणला गेलेला नाही. त्यांच्या कागदावरचं खोटं खालांनी लिहिलं. माझ्यावरचं आपण लिहिलं."

अब्बा म्हणाले, "तुझं खोटं कसं? डिग्री आहे."

"डिग्री आहे," ती म्हणाली, आणि कप उचलून आत गेली.

आम्हांला तिच्या अब्बांची अडचणही कळते. साइट म्हणजे ऊन, ट्रक, अनोळखी माणसे, मोहल्ल्याचे डोळे. एकट्या बापाने काय काय सांभाळायचे? पण जिल्हा परिषदेच्या कामांवर, पाणीपुरवठ्याच्या योजनांवर मुली शाखा अभियंता म्हणून उभ्या राहत आहेत, डोक्यावर ओढणी आणि त्यावर हेल्मेट घालून, हे आम्ही त्यांना सांगितले. शिकवायचे आणि मग त्या शिक्षणाचा उपयोग फक्त रिश्त्याच्या कागदावर करायचा, याला चार वर्षांची फी फार महाग पडते, असेही म्हणालो. हे बोलणे त्यांना आवडले नसावे. त्यांनी पावसाचा विषय काढला.

गेल्या जुम्याला त्यांचा फोन आला. रिश्ता ठरला असे नाही, मोडला असेही नाही. मुलाकडच्यांना त्यांनी निरोप धाडला होता की बायोडाटा नीट लिहून पुन्हा पाठवा, मग पाहू. मुलाने तो पाठवला. त्यात लिहिले आहे: आय.टी.आय. इलेक्ट्रिशियन, स्वतःचे मोटार रिवाइंडिंगचे दुकान, दोन कारागीर कामाला, दुकान भाड्याचे, कर्ज इतके बाकी. कर्जाचा आकडासुद्धा. "हे पोरगं आहे तरी कसं?" अब्बा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात राग होता की आणखी काही, ते फोनवर कळले नाही. मग म्हणाले, "आता आमचाही कागद पुन्हा लिहावा लागेल. तुम्हीच लिहून द्या. पोरगी म्हणते, शिक्षणाच्या ओळीत बी. ई. सिव्हिल लिहा आणि व्यवसायाच्या ओळीत लिहा, काम शोधते आहे."

"साइटवरचं?" आम्ही विचारले.

थोडा वेळ ते गप्प राहिले. "लिहा," म्हणाले.